पशुवैद्याची पाटी

ज्याला दुखतें त्याला बोलतां येत नाहीं आणि जो बोलतो त्याला दुखत नाहीं, अशी स्थिति दोन ठिकाणीं विशेष आढळते: तान्ह्या मुलाच्या दुखण्यांत आणि जनावराच्या दुखण्यांत. त्यांतहि मूल निदान रडून घर जागें करतें. गाय रवंथ थांबवते, कान पाडते, वैरणीकडे पाठ करून उभी राहते. आणि एवढ्या खुणांवरून धन्यानें सारें ओळखावयाचें असतें. पोट फुगलेल्या गाईच्या हातीं कित्येकदां कांहीं तासांचाच अवधि असतो. अशा वेळीं गुरांचा डॉक्टर कोणत्या गांवीं आहे, तो केव्हां भेटतो, त्याची विद्या कोणती आणि तो घेतो काय, हें ठाऊक नसेल तर शोधाशोधींतच वेळ जातो, आणि तो वेळ जनावराच्या आयुष्यांतून जातो. पशुवैद्यानें आपल्या व्यवसायाची जाहिरात करावी कीं करूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां शिष्टाचाराचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं हा वेळ आहे, म्हणून त्याचा विचार या खेपेस करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय निघण्यास निमित्त झालें एका वाचक भगिनीचें पत्र. त्यांच्या धाकट्या दिरांचे चिरंजीव पशुवैद्यकाचा साडेपांच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, परिषदेकडे रीतसर नांव नोंदवून, तालुक्याच्या गांवीं दवाखाना घालूं पाहत आहेत. त्यावरून घरांत दोन तट पडले आहेत. चिरंजीव म्हणतात, हमरस्त्यावर फलक लावावा, वर्तमानपत्रांत निवेदन द्यावें, आणि हल्लीं लोक दूरध्वनीच्या पडद्यावर सर्व कांहीं शोधतात तेथेंहि आपलें नांव असावें. मामंजी म्हणतात, वैद्यानें आणि वकिलानें गिऱ्हाइकामागें लागूं नये; विद्या ही दारोदार विकावयाची उदबत्तीची पुडी नव्हे. सासूबाईंनीं मात्र एकच प्रश्न विचारला, "पाटी नसेल तर लोकांना कळायचें कसें?" या वादांत शास्त्र कोणाच्या बाजूचें, असा भगिनींचा आम्हांस सवाल आहे. आमच्या मतें तिघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. परंतु तें एकमेकांत गुंतलेलें असल्यामुळें निवडून घेतलें पाहिजे.

प्रथम मामंजींची बाजू घेऊं, कारण ती केवळ जुन्या माणसाच्या हट्टाची बाजू नाहीं. विद्वत्तेवर चालणाऱ्या व्यवसायांनीं आपली जाहिरात करूं नये, हा निर्बंध आपल्या देशांत आजहि आहे. वकिलांस तो त्यांच्या परिषदेच्या नियमांनीं घातला आहे. माणसांच्या डॉक्टरांस २००२ सालच्या वर्तननियमांनीं घातला आहे. पशुवैद्यांसाठीं १९८४ सालीं भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम झाला, आणि त्याखालीं १९९२ सालीं वर्तनाचे व शिष्टाचाराचे नियम झाले. त्यांचाहि रोख पशुवैद्यानें स्वतःचा डंका वाजवून गिऱ्हाईक ओढूं नये असाच आहे.

या निर्बंधामागें विचार आहे. तांदूळ घेणारा मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. लुगडें घेणारी बाई पदर उलगडून पोत पाहते. माल बरा कीं वाईट हें घेणाऱ्यास कळतें, म्हणून विकणाऱ्याची बढाई फार काळ टिकत नाहीं. औषधाची गोष्ट निराळी आहे. दिलेली सुई आवश्यक होती कीं नव्हती, जनावर औषधानें उठलें कीं आपोआप उठलें, हें धन्यास सांगतां येत नाहीं. माणसांच्या दवाखान्यांत रोगी निदान परत येऊन "उतार पडला नाहीं" असें म्हणतो. येथें रोगी एक आणि पैसे देणारा दुसरा. आणि जो रोगी आहे त्याची साक्ष काढतां येत नाहीं. जेथें मालाची पारख गिऱ्हाइकाला करतां येत नाहीं, तेथें मोठ्या आवाजाचा विक्रेता चांगल्या विक्रेत्यास सहज मागें टाकतो. न बोलणाऱ्याचे गहूं राहतात आणि बोलणाऱ्याचीं बोरें विकलीं जातात, ही म्हण बाजारांत गमतीनें ऐकावयाची. दवाखान्यांत ती खरी होऊं लागली तर गमत राहत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकोणतिसाव्या अध्यायांत वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक प्राणाभिसर, म्हणजे प्राणांची सोबत करून रोगांस घालवणारे. दुसरे रोगाभिसर, म्हणजे रोगांची सोबत करून प्राणांस घालवणारे. या दुसऱ्या वर्गाचें वर्णन वाचतांना आपण आजचें वर्तमानपत्र वाचीत आहों असें वाटतें. हे लोक वैद्याचा वेष घेऊन स्वतःची वाखाणणी करीत गल्लोगल्ली हिंडतात; कोणी आजारी आहे असें कानीं येतांच चोहोंकडून त्याच्यावर येऊन पडतात; त्याला ऐकूं जाईल अशा बेतानें आपले गुण मोठ्यानें सांगतात; ज्याचें औषध चालूं आहे त्या वैद्याचे दोष पुनःपुन्हां काढतात; रोग्याच्या मित्रांस गोड बोलून वश करतात; आणि आपणांस पैशाची हांव नाहीं असें भासवितात. पुढें दुखणें वाढलें म्हणजे दोष रोग्याच्याच पदरीं बांधतात. चरकानें आक्षेप घेतला आहे तो या वर्तनावर. वैद्याचें घर लोकांस ठाऊक असूं नये असें तो कोठेंहि म्हणत नाहीं, ही गोष्ट मामंजींनीं ध्यानांत घ्यावी.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहूं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सम्राट् अशोकानें जे लेख खडकांवर कोरविले, त्यांतील दुसऱ्या शिलालेखांत तो सांगतो कीं, मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन चिकित्सांची सोय सर्वत्र केली आहे. माणसांस व पशूंस उपयोगी अशा औषधी वनस्पति जेथें नव्हत्या तेथें त्या आणवून लावल्या आहेत. आणि रस्त्यांवर माणसांसाठीं व पशूंसाठीं विहिरी खणल्या व झाडें लावलीं आहेत. याच मालिकेंतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यासहि सांपडले आहेत. आतां हा लेख म्हणजे जाहिरातच नव्हे काय? "जाहिरात" हा शब्द "जाहीर" या शब्दापासून आला आहे. जें सर्वांस कळावें तें उघड करणें, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पशुचिकित्सेची सोय आहे, हें राजानें दगडावर लिहून उघड केलें. आपला पशुवैद्य शेजारच्या राज्यांतील पशुवैद्याहून श्रेष्ठ आहे असें मात्र त्यानें लिहिलें नाहीं.

तेव्हां एकाच शब्दाखालीं दोन निरनिराळ्या वस्तु आपण घालीत आलों आहों. एक वर्दी आणि दुसरी बढाई. वर्दी देणारा, कोण, कोठें, केव्हां, किती, एवढें सांगतो; तें खरें कीं खोटें हें कोणासहि जाऊन पाहतां येतें. बढाई मारणारा "हमखास गुण", "सर्वांत उत्तम", "इतरांनीं हात टेकले तेथें आमच्याकडे या" असें सांगतो. तें खरें कीं खोटें हें पाहण्याचा मार्गच नसतो.

आमच्या फर्दापुरास हा भेद शिकण्यासाठीं ग्रंथ उघडावे लागत नाहींत. अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास येणारीं वाहनें गांवाजवळच्या तिठ्यावर थांबतात, आणि तेथून पुढें एस. टी. च्या गाड्यांनीं जावें लागतें. प्रवासी खालीं उतरतो न उतरतो तोंच रंगीत दगड, स्फटिक आणि माळा घेऊन विक्रेते त्याला गराडा घालतात. प्रत्येकाचा माल अस्सल आणि दुसऱ्याचा नकली! बिचारा प्रवासी भांबावतो, आणि बहुधा जो अधिक चिवट त्याच्याकडून घेऊन मोकळा होतो. पण लेणीं सोमवारीं बंद असतात, ही एक ओळ त्याला कोणी आधीं सांगितली असती तर दूरवरून सोमवारीं येऊन तो हात हालवीत परतला नसता. गराडा घालणें ही बढाई, आणि ती एक ओळ ही वर्दी. पहिली नसली तर प्रवाशाचें कांहीं अडत नाहीं. दुसरी नसली तर त्याचा दिवस फुकट जातो.

येथवर मामंजींची सरशी झाल्यासारखी दिसेल. आतां चिरंजीवांची बाजू. ती अशी कीं, निर्बंधानें गप्प कोण बसतो? ज्याचें नांव परिषदेच्या नोंदवहींत आहे तो. नियम मोडल्यास परिषद त्याला जाब विचारील, प्रसंगीं नांव काढून टाकील; म्हणून तो पाटीहि लहान लावतो. ज्याचें नांव कोणत्याच वहींत नाहीं त्याचें परिषद काय काढून टाकणार? १९८४ च्या अधिनियमानें पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदलेल्या पशुवैद्यासच दिला आहे. पदविका वा प्रमाणपत्र घेतलेल्यांनीं किरकोळ सेवा द्यावयाच्या त्या नोंदलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखालीं व सूचनेनुसार. कागदावर हें चोख आहे. प्रत्यक्षांत मात्र दुचाकीवर पिशवी लटकावून वाडी-वस्तीवर फिरणारा, कोठें सुई टोंचावयास शिकलेला इसम शेतकऱ्यास नांवानिशीं ठाऊक असतो. पण चार कोसांवरचा पदवीधर त्याला ठाऊक नसतो. म्हणजे मौनाचा नियम पाळतो सज्जन, आणि त्या मौनाचा लाभ घेतो भोंदू. त्याला स्वतःची जाहिरात करण्याचीहि फारशी गरज पडत नाहीं. जाणत्याचें मौन हीच त्याची जाहिरात होते.

या मौनाची किंमत आमच्या भागानें २०२२ सालीं पाहिली आहे. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत आमच्या शिवेस लागून असलेल्या जळगांव जिल्ह्यांत, रावेर तालुक्यांत, गुरांच्या लम्पी चर्मरोगाची साथ सुरू झाली आणि पाहतां पाहतां महाराष्ट्रभर पसरली. जनावरास ताप यावा, अंगभर गाठी उठाव्या, पाय सुजावे, दूध आटावें, असा तो रोग. देवीच्या कुळांतील विषाणूमुळें तो होतो, आणि चावणाऱ्या माशा, डांस व गोचीड तो एका जनावरापासून दुसऱ्याकडे नेतात. या विषाणूस मारणारें असें खास औषध नाहीं. ताप उतरविणें, जखमा स्वच्छ ठेवणें, जनावरास चारापाणी घेतें ठेवणें हाच उपचार, आणि लस हाच बचाव. शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांस सरकारमार्फत विनामूल्य टोंचण्यांत आली. हा रोग माणसास होत नाहीं. तरीहि दूध पिऊं नये अशी अफवा उठली आणि कित्येक घरांनीं दूध बंद केलें.

त्या दिवसांत खेड्यांतून कोणाचा आवाज अधिक ऐकूं आला? "एका सुईंत गांठी बसवितों" असें म्हणणाऱ्यांचा. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यास लस फुकट मिळते हेंच ठाऊक नव्हतें. वस्तीवर आलेल्या अशाच एका इसमास पैसे मोजून त्यानें दोन्ही बैलांस सुई टोंचून घेतली. ती लस होती, तापाचें औषध होतें कीं नुसतें पाणी होतें, हें त्याला आजतागायत समजलें नाहीं. त्या पावसाळ्यांत त्याच्या दावणीचा एक बैल गेला. खरी लस मिळती तर तो वांचलाच असता असें आम्ही म्हणत नाहीं. पण कोणती तारीख, कोणतें ठिकाण, किती पैसे, तर कांहींच नाहीं, एवढ्या चार शब्दांची वर्दी त्याच्या दारापर्यंत पोहोंचली असती, तर बैलाला वांचण्याची संधि तरी मिळाली असती. आणि जोडींतला उरलेला बैल विकून त्या गृहस्थास दुसऱ्याच्या औतावर अवलंबून राहण्याची पाळी कदाचित् आली नसती.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां गोठा राहिला नाहीं, "आम्हांस याचें काय?" असें ते म्हणतील. त्यांनीं सकाळच्या दुधाच्या पातेल्याकडे पाहावें. दुभत्या जनावरास कांहीं औषधें दिलीं म्हणजे त्यांचा अंश काहीं काळ दुधांत उतरतो. म्हणून औषधागणिक ठरलेले दिवस तें दूध माणसांनीं वापरावयाचें नसतें. जाणता पशुवैद्य हे दिवस सांगतो. पिशवीवाल्यास ते माहीतच नसतात; मग तो सांगणार काय? आणि तें दूध पाळण्यांतल्या नातवाच्या वाटींत येतें. औषधाचा परिणाम किती दूर जातो याचें याहून मोठें उदाहरण गिधाडांचें आहे. डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध दिलेलीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस खाऊन आपल्याकडील गिधाडें मेलीं, आणि एके काळीं आभाळ भरून दिसणारा हा पक्षी दुर्मिळ झाला. २००६ सालीं जनावरांसाठीं त्या औषधाच्या निर्मितीवर बंदी घालावी लागली. सुई टोंचावयास हात लागतो. ती कोणती टोंचावी आणि कोणती टोंचूं नये हें कळावयास विद्या लागते. ही विद्या कोणापाशीं आहे हें लोकांस कळणें, ही त्या विद्यावंताची खासगी बाब कशी म्हणतां येईल?

यावर मामंजी विचारतील, "आज पाटीला वाट दिली कीं उद्यां ढोल येईल, त्याचें काय?" हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. इंग्लंडांत पशुवैद्यांच्या जाहिरातींवर आपल्याप्रमाणेंच बंदी होती. १९७६ सालीं तेथील मक्तेदारी-चौकशी आयोगानें तिची तपासणी केली, आणि १९८० च्या दशकांत निर्बंध सैल झाले. आज तेथें काय दिसतें? २०२४ सालीं त्या देशाच्या स्पर्धा-नियामक मंडळानें पाळीव जनावरांच्या दवाखान्यांची पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ सालीं सुमारें शेंकडा १० दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हातीं होते, ते आतां जवळ जवळ शेंकडा ६० झाले आहेत. आणि शेंकडा ८० हून अधिक दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर दरांची माहितीच नाहीं! याचा अर्थ नीट लावला पाहिजे. कंपन्या वाढल्या त्या केवळ जाहिरातीमुळें असें नव्हे. पण जाहिरातीची मोकळीक मिळून चाळीस वर्षें होत आलीं, तरी जी माहिती धन्यास सर्वांत अधिक हवी होती, म्हणजे खर्च किती येईल, तीच बहुतेकांनीं दिली नाहीं. मोकळीक दिल्यानें बोलणें वाढेल. पण हवें तेंच बोललें जाईल अशी हमी त्यांत नाहीं. म्हणून नुसती बंदी उठविणें हा उपाय नव्हे, आणि नुसती बंदी ठेवणें हाहि नव्हे.

आपल्याकडेहि मुंबई-पुण्यास हें वारें लागलें आहे. शहरांतील मुलें-सुना घरीं कुत्रें-मांजर पाळतात, लेकराप्रमाणें त्याची काळजी घेतात, आणि त्या मायेचाच बाजार मांडणारे निघतात. अमुक तपासण्यांचा एकत्र संच सवलतींत, पहिली भेट विनामूल्य, बऱ्या झालेल्या कुत्र्याचें छायाचित्र आणि त्याखालीं मालकाचें प्रशस्तिपत्र, दूरध्वनीवर पांच पैकीं पांच चांदण्या! यांतील एकाहि गोष्टीवरून डॉक्टरास रोग ओळखतां येतो कीं नाहीं हें कळत नाहीं. चांदण्या देणारा गृहस्थ बसावयाची खुर्ची, बोलण्याची गोडी आणि वाट पाहण्याचा वेळ यांवर चांदण्या देतो. रोगी तेथेंहि मुकाच असतो. शिवाय हा सर्व थाट कोणाच्या पैशानें चालतो? फीच्या आंकड्यांत तो बेमालूम मिसळलेला असतो.

तेव्हां आमचा निर्णय असा आहे: बढाईवरील बंदी कायम असावी, आणि वर्दीची नुसती परवानगी नसून सक्ति असावी. हा भेद कायद्यास अपरिचित नाहीं. माणसांच्या डॉक्टरांच्या २००२ च्या नियमांतच, व्यवसाय सुरू करणें, जागा बदलणें, कांहीं काळ बाहेर असणें, पुन्हां काम सुरू करणें आणि आपली फी जाहीर करणें, अशा मोजक्या प्रसंगीं वर्तमानपत्रांत निवेदन देण्यास मुभा आहे. बढाईच्या बाजूसहि १९५४ सालचा जादूटोण्यासारख्या उपायांच्या व औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयींचा कायदा आहे, आणि त्यांतील "औषध" या शब्दांत माणसांचें व जनावरांचें अशीं दोन्ही औषधें येतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. भिंतीभिंतींवर "शर्तिया इलाज" रंगविणाऱ्यांस हा कायदा कोणी वाचून दाखवील तर बरें होईल.

ज्या गोष्टी पशुवैद्याच्या दारावर व दूरध्वनीच्या पडद्यावर सारख्याच शब्दांत असाव्या, त्या अशा: पूर्ण नांव, पदवी, परिषदेचा नोंदणी क्रमांक, दवाखान्याच्या वेळा, रात्रीं-अपरात्रीं येतां कीं नाहीं, आणि येत नसल्यास जवळ दुसरें कोण येतें, दवाखान्यांत तपासण्याची फी किती व घरीं येण्याची किती, गुरें, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या, कुत्रीं-मांजरें यांपैकीं कोणाची चिकित्सा करतां, शस्त्रक्रियेची सोय आहे कीं नाहीं. यांत "उत्तम", "निष्णात", "खात्रीशीर" असे शब्द नसावे. दुसऱ्या वैद्याचें नांव नसावें. औषधाच्या कंपनीच्या खर्चानें लावलेला आणि तिच्या मालाचें चित्र मिरविणारा फलक तर मुळींच नसावा. आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्यास दलाली देणें ही तर मुक्या तोंडानें केलेली जाहिरात आहे. ती सर्वांत वाईट.

याखेरीज एक प्रकारची जाहिरात अशी आहे कीं ती पशुवैद्यानें जितकी मोठ्यानें करील तितकी थोडीच. पावसाळ्यापूर्वीं घटसर्पाची व फऱ्याची लस, लाळ्या-खुरकुताची लस, यांच्या तारखा त्यानें देवळाच्या पारावर, शाळेच्या फळ्यावर, बाजाराच्या दिवशीं चावडीवर लावाव्या. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी जवळ जवळ कधींच वांचत नाहीं, आणि माणसांस हा रोग बहुतांशीं कुत्र्याच्या चावण्यानें होतो. ६ जुलै १८८५ रोजीं पाश्चरनें एका मुलास या रोगावरील लस प्रथम टोंचली. त्या आठवणीनें ६ जुलै हा दिवस प्राण्यांपासून माणसांस होणाऱ्या रोगांविषयीं जागृतीसाठीं पाळतात. त्या दिवशीं कुत्र्यांस लस टोंचण्याचें निवेदन जो पशुवैद्य गांवभर लावतो, तो स्वतःची जाहिरात करतो असें म्हणणाऱ्यानें शाळेस पायीं जाणाऱ्या मुलांकडे एकदां पाहावें.

आतां भगिनींच्या पत्राचें उत्तर. चिरंजीवांनीं पाटी अवश्य लावावी, हमरस्त्यावर बाण दाखविणारा फलकहि लावावा, वर्तमानपत्रांत दवाखाना उघडल्याचें निवेदन एकदां द्यावें आणि दूरध्वनीवर पत्ता व वेळा खऱ्या व ताज्या ठेवाव्या. मात्र यांतील प्रत्येक गोष्ट आधीं परिषदेच्या नियमांशीं ताडून पाहावी, आणि जेथें नियम आड येत असेल तेथें तो मोडण्याऐवजीं बदलून घेण्यासाठीं आपल्या व्यवसायबंधूंसह परिषदेकडे रीतसर अर्ज करावा. मामंजींस आमची विनंती अशी कीं, पाटीवरचा मजकूर त्यांनीं स्वतः तपासून द्यावा. जो शब्द त्यांच्या मतें बढाईचा तो निःसंकोच खोडावा; त्यांची नजर या कामीं परिषदेहूनहि कडक ठरेल. घरांत असा एक वडील माणूस असणें ही तरुण वैद्याची मोठीच पुंजी होय. आणि सासूबाईंचा प्रश्न या साऱ्या वादाचा पाया होता, एवढें आम्हांस नमूद केलेंच पाहिजे.

शेवटीं गृहस्थांचें कर्तव्य. पाटी लावली आणि ती कोणी वाचलीच नाहीं, तर दोष वैद्याचा नव्हे. गोठ्यांत गाय असो वा ओटीवर कुत्रें असो, जो कोणी सुई घेऊन येईल त्याला तीन गोष्टी विचाराव्या: आपला नोंदणी क्रमांक काय? दिलेल्या औषधाचें नांव कागदावर लिहून द्याल का? आणि दुभतें जनावर असल्यास, दूध किती दिवस वापरूं नये? जाणत्यास या प्रश्नांचा राग येत नाहीं. ज्याला येतो त्याला पुन्हां बोलावूं नये. ज्यांचे नातलग खेड्यांत गुरें बाळगून आहेत त्यांनीं आणखी एक करावें. सरकारच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकास बोलावण्यासाठीं १९६२ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो आजच गांवीं कळवावा, आणि गोठ्याच्या दारावर खडूनें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावयास सांगावें.